थोरलीने निवडलेली जागा

माझी मुलगी बेकरीत काम करते आणि जावई शहर बस चालवतो. बेकरी सोमवारी बंद असते, बस कधीच बंद नसते आणि मुलांची शाळा या दोघांना विचारून भरत नाही. त्यामुळे सगळ्यांनी मिळून घराबाहेर पडायचं म्हणजे मोठीच जुळवाजुळव. जावई त्यासाठी इतर ड्रायव्हरांच्या पहाटेच्या फेऱ्या अंगावर घेतो आणि बदल्यात महिन्याचा एक रविवार मोकळा करतो. मुलगी दुपारी भट्टीवरून सुटते ती तशीच, भुवयांवर पीठ घेऊन, आमच्यात येऊन मिळते.

जायचं कुठे, हे मुलांनी आळीपाळीने ठरवायचं. ज्याचा नंबर असेल तो म्हणेल तिथे सगळ्यांनी जायचं आणि परत येईपर्यंत कुणी कुरकुर करायची नाही. हा नियम माझ्या मुलीचा. त्याशिवाय चाललंच नसतं, कारण थोरली सोळा वर्षांची, मधला नऊचा आणि धाकटी जेमतेम चारची. धाकटीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. तिचा नंबर आला की आम्ही गाड्या धुण्याच्या जागी जातो आणि कठड्यावर बसून फिरणारे ब्रश बघतो. मधल्याने एकदा पाण्याच्या टाकीखाली सगळ्यांना उभं केलं होतं, पंप सुरू होताना कसा आवाज येतो ते ऐकायला. मुलं नेतील तिथे मी एखादं बाक शोधतो आणि पुस्तक उघडतो. वाचून फारसं होत नाही.

या हिवाळ्यात थोरलीचं मन यातून उडालं. ती यायची, पण मागून चालायची. समोरून कुणी ओळखीचं आलं की दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभी राहायची. एकदा चादरीच्या घड्या घालताना मुलगी मला म्हणाली, "बाबा, ही आता यायची बंद होणार."

"वय आहे," मी म्हटलं.

"वय आहे ते मलाही कळतं हो. पण मला ती त्याच दिवशी दिसते. मी निघते तेव्हा ती झोपलेली. ती अभ्यास आटपून बाहेर येते तेव्हा मी झोपलेली. तो रविवारही गेला तर मग काय राहिलं?"

अशा वेळी मला नीट वाक्य सुचत नाही. सुचतं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही चांगलं असतंच असं नाही. मी नुसता चादरीची दोन टोकं धरून उभा राहिलो.

मग थोरलीचा नंबर आला. शनिवारी जेवताना जावयाने विचारलं, "बोला ताईसाहेब, उद्या गाडी कुठल्या मार्गावर काढायची?"

"माझी जागा ठरलीय," थोरली ताटातून वर न बघता म्हणाली. "घर."

"घर म्हणजे?"

"घर म्हणजे घर. माझी खोली. उद्या मी माझ्या खोलीत जाणार. नियम आहे ना? मग कुरकुर नाही."

मुलगी "बरं" म्हणाली, उठली आणि आधीच घासून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली.

ही खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. बरेच दिवस मागे लागून थोरलीने ती उन्हाळ्यात मिळवली. एक पलंग, एक टेबल आणि उंचावर छोटी खिडकी. दाराला तिने कागद चिकटवला आहे: ठोठावल्याशिवाय आत येऊ नये. आणि खाली: ठोठावलं तरी लगेच येऊ नये.

रविवारी मुलगी कामावरून आली. आता कुठे जायचं नाही असं समजून मी पुस्तक घेऊन बसणार, तर भिंगरी कोट आणि बूट घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून तयार.

"कुठे गं निघालीस?"

"ताईच्या खोलीत. आज तिकडे जायचंय ना!"

मधलाही बुटांच्या नाड्या बांधत होता. "तिचा नंबर आहे, आजोबा. तिने जागा सांगितली. सगळ्यांनी जायचं."

मला वाटलं, यांना थांबवायला हवं. पोरीला एकटं राहायचं होतं आणि तिने ते पुरेसं स्पष्ट सांगितलं होतं. मी तोंडही उघडलं. पण जावयाने बायकोकडे बघितलं, तिने त्याच्याकडे, आणि पुढच्या क्षणी तो डब्यात ब्रेड आणि उकडलेली अंडी भरत होता.

"बाबा, बूट घाला. गाडी सुटेल," तो मला म्हणाला.

मी घरातल्या घरात बूट घातले.

भिंगरीने दार ठोठावलं.

"काय आहे?"

"आम्ही आलो!"

दार उघडलं. कोट घातलेली पाच माणसं आणि मध्ये डबा. थोरली बघतच राहिली. "अरे देवा. मी असं नव्हतं म्हटलं!"

"तू म्हणालीस, माझी खोली," मधला म्हणाला.

"मी जाणार म्हणाले. मी! तुम्ही नाही!"

"असं कुठे असतं? मग नियम कशाला?"

थोरलीचा चेहरा लाल झाला. आता दार आपटणार, असं वाटलं. तेवढ्यात मुलगी पुढे झाली. डबा तिने दोन्ही हातांत धरला होता.

"तुला नको असेल तर आम्ही परत जातो. खरंच. कुरकुर नाही."

थोरली आईकडे बघत राहिली. मग बाजूला सरकली. "बूट बाहेर काढा. आणि कशालाही हात लावायचा नाही."

आम्ही पलंगावर ओळीने बसलो. "सरका, सरका, आत भरपूर जागा आहे," जावई म्हणाला, आणि थोरलीने हसू दाबलेलं मला दिसलं.

"इथे काय बघायचं?" भिंगरीने विचारलं.

प्रश्न रास्त होता. थोरलीने खोलीभर नजर फिरवली. मग भिंगरीला उचलून पलंगावर उभं केलं. "खिडकीतून बघ. काय दिसतं?"

"रस्ता."

"त्या कोपऱ्यावर पहाटे आई थांबते. मफलर सोडते, पुन्हा बांधते, मग जाते. रोज तसंच."

मुलगी अंडं सोलत होती. तिचे हात थांबले. "तू जागी असतेस?"

"कधी कधी. रोज नाही काही." थोरलीने मान वळवली. "घरातच नीट बांधून निघत जा ना. गार वारा असतो."

मधल्याने तेवढ्यात टेबलावरच्या दिव्याचा एक स्क्रू काढला होता. भिंगरीला कंटाळा आला होता आणि गादीवर ब्रेडचे कण पडले होते.

"झालं," थोरली म्हणाली. "वेळ संपली. सगळ्यांनी उतरा."

आम्ही उठलो. मुलगीही उठली.

"तू नको. तू थांब थोडं."

दार लागलं. आम्ही स्वयंपाकघरात बसून उरलेलं खाल्लं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. जावई त्या दोघींसाठी ब्रेड घेऊन उठला, तेव्हा मी त्याची बाही धरली. तो बसला.

ऊन उतरल्यावर मुलगी बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. बहुधा बोलता बोलता झोपली होती.

"ती रविवारची येत राहणार आहे," ती म्हणाली. "पण म्हणते, मधून मधून आम्ही दोघीच जायचं. सगळ्यांच्या रविवाराखेरीज आणखी एक."

"आणि ही दोन माकडं?" जावयाने विचारलं.

"तू सांभाळ."

"अगं, त्या दिवशी मी ड्युटीवर असणार!"

मुलगी भुवईवरचं पीठ पुसत उभी राहिली. जावयाने डोकं खाजवलं, मग फोन काढून कानाला लावला.

"हां, मी बोलतोय. तुझी ती पहाटेची गाडी अजून कुणी घेतली नाही ना रे?"