गुरुवारची अंघोळ

दौंडच्या ख्रिस्ती मंडळीत दर जानेवारीत एक सभा व्हायची. रविवारची उपासना आटोपली की पाळकसाहेब वर्षभराच्या सेवा वाटून द्यायचे. गोड गळ्याच्या बायांना गायन, शिकलेल्यांना संडेस्कूल, बोलक्यांना घरोघरच्या प्रार्थनासभा. अंजनाबाईंचं नाव सगळ्यात शेवटी यायचं, आणि त्यांच्या वाट्याला काय येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं. शनिवारी मंडळीचं देऊळ झाडायचं, सतरंज्या झटकून अंथरायच्या, प्रभूभोजनाच्या द्राक्षरसाचे इवलेसे पेले धुऊन फडक्यावर उपडे घालायचे. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. शिरूरच्या मिशन बोर्डिंगात वाढलेली बाई; हातात घेतलेलं काम अर्धं टाकायचं नाही, एवढंच तिथून पक्कं शिकून आलेली. चारचौघांत प्रार्थनेला उभं राहायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. पेल्यांना काही बोलावं लागत नव्हतं, म्हणून ते काम त्यांना बरं वाटायचं.

सन दोन हजारच्या त्या जानेवारीत मात्र सभा संपल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना थांबवून घेतलं. सोबत करुणा सिस्टर होती, मंडळीतलीच, दौंडच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स.

करुणा म्हणाली, "मावशी, वरवंडची एक पेशंट आहे. अनिता. सव्वीस वर्षांची. नवरा ट्रक चालवायचा, दोन वर्षांपूर्वी त्याच आजारानं गेला. आता हिला झालाय. एड्स."

अंजनाबाईंनी पदर सावरला.

"सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. आई नाही. भावजय जवळ जात नाही. काल तिचे वडील दवाखान्यात आले होते. एवढा जमीनजुमल्याचा माणूस, माझ्यासमोर रडला. म्हणाला, बाई, लेकीला अंघोळ घालायला कुणी मिळंल का? बापानं कशी घालावी?"

पाळकसाहेब म्हणाले, "मी आणखी दोघींना विचारलं होतं."

घरी चांगदेव, त्यांचे मालक, रेल्वेत पॉइंट्समन होते. ड्यूटीचे बूट काढता काढता ऐकत होते. "देऊळ झाडते तेवढं बास न्हाई का? तुला काय झालं म्हंजी?"

"शिवल्यानं होत नाही म्हणते करुणा."

"करुणा जाती का मग?"

भीती अंजनाबाईंनाही वाटत होतीच. तरी गुरुवारी सकाळी त्या पाटसची जीप धरून पुढं वरवंडला उतरल्या.

अनिताच्या वडिलांचं, हौसरावांचं घर गावाबाहेर मळ्यात, पक्कं, स्लॅबचं. अनिता त्या घरात नव्हती. मागं खताच्या गोण्या ठेवायची एक खोली होती, तिथं तिची खाट टाकली होती. हौसराव दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. "अनिता, बाई आल्यात," एवढं म्हणून टोपी काढून हातात घेतली आणि मोटारीच्या शेडकडं निघून गेले.

खाटेवर गोधडीखाली काही आहे की नाही, असा प्रश्न पडावा एवढी ती उरली होती. डोळे मात्र मोठे, लख्ख उघडे.

"तुम्ही पैसं घेनार का?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"नाही."

"मग कशाला आला?"

अंजनाबाई म्हणाल्या, "पाणी तापवायला चूल कुठं आहे?"

भावजय म्हाळसा पाणी तापवून द्यायची, पण बादली अंगणात ठेवून मागं सरायची. अंजनाबाई ती आत न्यायच्या. जखमांसाठी करुणानं रबरी हातमोजे दिले होते, तेवढ्यापुरते घालायच्या. केस धुताना काढायच्या, कारण मोज्यांत केस अडकायचे आणि अनिता कळवळायची. तोंडात पांढरे चट्टे आलेले. कापूस ओला करून ते पुसायचे. नखं काढायची. चादर उन्हात टाकायची. मग भात मऊ कालवून चार घास भरवायचे, त्यातले दोन परत यायचे.

असे गुरुवार चालू झाले. औषध पुण्या-मुंबईला निघालंय असं ऐकिवात होतं, पण ते विकत घेऊन जन्मभर खाणं हौसरावांसारख्यालाही झेपणारं नव्हतं. त्यांनी चौकशी केली आणि गप्प बसले.

"मावशी, तुमच्या देवाला सांगा की मला बरं कर म्हनून," अनिता म्हणायची.

"सांगते."

त्या खरंच सांगायच्या. फडकं पिळताना, जीपमध्ये दाटीवाटीत बसताना, पेले विसळताना सांगायच्या. आणि दर गुरुवारी पाठीची हाडं आदल्या गुरुवारपेक्षा जास्त हाताला लागायची. मंडळीत बाया विचारायच्या, आता कसं आहे? बरं आहे म्हटलं तर खोटं, वाईट म्हटलं तर प्रार्थना कमी पडली असं कुणीतरी म्हणणार. त्या म्हणायच्या, "आहे."

मार्चच्या शेवटी एकदा वेणी घालून झाल्यावर अनितानं त्यांचं मनगट धरलं.

"मावशी, माझं पोरगं दावाल का? एकदाच. पृथ्वीराज. सा वर्साचा हाय. कवठ्याला आजीपाशी असतोय. माझं आबा दोनदा गेलं, सासूनं दारातनं लावून दिलं. तुम्ही परक्या हाय, तुमचं ऐकंल."

परक्या बाईचं का ऐकावं कुणी, हे अंजनाबाईंना कळत होतं. पण त्या बोटांना पकडायचीही ताकद नव्हती. नुसती मनगटावर ठेवल्यासारखी होती. त्या हो म्हणून बसल्या.

दुसऱ्याच दिवशी दौंडहून एसटीनं शिरूर, शिरूरला दीड तास थांबून दुसऱ्या गाडीनं कवठे येमाई. ऊन डोक्यावर आलेलं. विचारत विचारत त्या झुंबरबाईंच्या वस्तीवर पोचल्या. कांद्याच्या चाळीशेजारी साठीची एक उंच बाई पात कापत बसली होती. ही अनिताची सासू.

पाणी दिलं, गूळ दिला. मग नाव निघालं तसा झुंबरबाईंच्या हातातला विळा थांबला.

"तिनं धाडलं व्हय तुम्हाला?"

"आक्का, फार दिवस नाहीत तिचे. लांबून दाखवते. मी स्वतः घेऊन जाते आणि त्याच दिवशी आणून सोडते."

"न्हाई."

"शिवू नको म्हणते पाहिजे तर. नुसतं दारातून."

"बाई, इकडं बघा." झुंबरबाईंनी विळा खाली ठेवला. आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "माझा ल्योक ह्याच घरात संपला. ह्या हातानं त्याची घान काढली म्या. कुनी आलं न्हाई. आता ह्यो एक राह्यलाय. त्याला म्या त्या खोलीत धाडू? उद्या ह्याला काय झालं तर तुम्ही जबाबदारी घ्याल?"

ही बाई कैदाशीण असती तर भांडता आलं असतं.

तेवढ्यात शाळेतून पोरगं आलं. दप्तर फेकलं, आणि शेळीच्या करडाला मानेत धरून अंगणभर पळायला लागलं. झुंबरबाई पटकन म्हणाल्या, "आईचं नाव काढायचं न्हाई. बसा, बघा, च्या घ्या आन् जावा."

अंजनाबाई बसल्या. अर्धा तास त्यांनी पोरावरची नजर हलू दिली नाही. शाळेत मन लावून धडा पाठ करावा तसं त्या पोराला पाठ करत होत्या.

गुरुवारी वरवंडला गेल्या तर अनिता दाराकडं तोंड करून, कधी नव्हे ती उशाला टेकून बसलेली. एकट्याच आत आल्या तसं तिनं त्यांच्या पाठीमागं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

पुढच्या रविवारी येणार आहे, असं म्हणावं हे अंजनाबाईंच्या अगदी ओठावर आलं. एवढ्या खोट्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? पण मग तो रविवार येणार, आणि ही अशीच दाराकडं बघत बसणार.

"नाही आला, बाळा. नाही पाठवलं त्यांनी. मी फार म्हणाले नाही, मला जमलं नाही."

अनितानं डोळे मिटले. बाहेर म्हाळसानं बादली ठेवल्याचा आवाज झाला.

"पर तुम्ही बघितला?"

"बघितला. अर्धा तास."

"सांगा."

मग अंजनाबाई सांगायला लागल्या. जन्मात एवढं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या. पुढचे दोन दात पडलेत, म्हणून सशाला शशा म्हणतो. चड्डीचं बटण तुटलंय, तिथं आजीनं पिन लावलीय. करडाला खारी बिस्कीट खाऊ घालतो, अर्धं त्याला, अर्धं स्वतःला. हसताना डावा डोळा बारीक होतो.

"माझाबी व्हतो," अनिता म्हणाली.

"हो. तसाच."

"रंगानं काळवंडला का?"

"उन्हात खेळतो ना. थोडा."

"आजी मारती का त्याला?"

"नाही. आजीच्या पदराला हात पुसतो, ती काही म्हणत नाही."

त्यानंतर प्रत्येक गुरुवारी अंघोळ झाली की तेच. "सांगा मावशी." नवीन काही नव्हतं. तेच दात, तेच करडू, तीच पिन. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर अनिता अडवायची, "गेल्या येळी तुम्ही खारी म्हनला व्हता." अंजनाबाई पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. परतीच्या जीपमध्ये त्यांना वाटायचं, ही कसली सेवा? पोराऐवजी पोराच्या गोष्टी नेऊन द्यायच्या. उपाशी माणसाला ताटाचं वर्णन ऐकवल्यासारखं. पण दुसरं काही द्यायला हातात नव्हतं, आणि ती मागत तर होती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी हौसरावांचा दवाखान्यात फोन आला. करुणानं माणूस धाडून कळवलं. अंजनाबाई पोचल्या तेव्हा अंगणात भावकी जमलेली होती. पुरुष लिंबाखाली, बाया भिंतीच्या कडेनं, तोंडाला पदर लावून. मढं आतच होतं.

हौसराव पुढं झाले. "बाई, हात लावाया कुनी तयार न्हाई. दोघंजन म्हनत्यात, तसंच नेऊ." त्यांनी खोलीच्या दाराकडं पाहिलं. "तशीच कशी नेऊ वो?"

अंजनाबाई आत गेल्या. पाणी मागायची वेळ आली नाही. म्हाळसा बादली घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. आत यायला तिचा पाय उचलेना. "मला ल्हान लेकरं हायती वो, मावशी," असं म्हणत ती तिथंच रडत राहिली, आणि पाणी संपलं की तांब्या भरून पुढं करत राहिली. दोघींनी मिळून, एक आत आणि एक बाहेर, अनिताला न्हाऊ घातलं.

जुलैच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत त्यांना साक्ष द्यायला उभं केलं. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या जीवनात काय केलं ते सांगायचं. कुणाची नोकरी लागलेली असते, कुणाची गाठ विरघळलेली असते. अंजनाबाई उठल्या. सगळे वळून बघत होते, चांगदेवसुद्धा.

"मी वरवंडला दर गुरुवारी गेले," त्या म्हणाल्या. "ती वारली."

आणि खाली बसल्या. मग पेटीवाल्यानं घाईनं गाणं सुरू केलं, एक पट्टी वरच्या सुरात, आणि मंडळी ते ओढून ताणून गात राहिली.

दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी रेल्वे क्वार्टरच्या दाराशी झुंबरबाई उभ्या दिसल्या. पाठीशी पृथ्वीराज, डोक्याला मफलर. गावात विचारत विचारत आल्या होत्या.

"महिना झाला, ताप उतरंना," त्या उभ्याउभ्याच बोलायला लागल्या. "अंगावर पुरळ. शिरूरला दावलं. डागदर म्हनला, रक्त तपासा. कशाचं ते बी म्हनला." त्यांनी पोराचा मफलर नीट केला. "तिथं सगळी वळखीची मानसं. ह्या कानाचं त्या कानाला जाईल, शाळंतून काढतील पोराला. म्हनलं, तुमच्याकडं जावं."

"माझ्याकडं काय आहे, आक्का?"

"काय बी नसू द्या. तिला तुम्ही शिवला व्हता."

चांगदेवांनी उठून खुर्ची पुढं केली. अंजनाबाईंनी चहा टाकला, पोराला दूध दिलं, आणि तिघं करुणाच्या दवाखान्यात गेली. सुई बघून पोरगं किंचाळलं. आजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. दंड धरायचं काम अंजनाबाईंकडं आलं. त्यांनी धरला. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळेल म्हणाले.

स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर झुंबरबाईंनी विचारलं, "काय निघंल?"

"मला नाही माहीत."

"तुमच्या देवाला इचारा की."

"विचारते रोज. मला काही सांगत नाही तो."

झुंबरबाईंनी मान हलवली, जणू ही अडचण त्यांच्याही घरची होती.

शिरूरची गाडी लागली. पोरगं झोपून गेलेलं, अंगात चटका लागेल असा ताप. झुंबरबाईंनी उचलायला हात घातला आणि कमरेत कळ येऊन तिथंच वाकल्या. पुढं शिरूरला गाडी बदलायची होती, वस्तीपर्यंत चालायचं होतं. अंजनाबाईंनी पोराला खांद्यावर घेतलं, गाडीत चढल्या, खिडकीजवळ झुंबरबाईंना बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. उतरल्या नाहीत.

कंडक्टर आला. "कुठं?"

"शिरूर," अंजनाबाई म्हणाल्या. "दोन फुल, एक हाफ."