अर्ध्यावर थांबलेली जांभळी पर्स

मित्रांनो, मी एक जुनी पर्स आहे. फुलाच्या आकाराची, जांभळ्या सुती दोऱ्याची, क्रोशाने विणलेली. जुनी असले तरी मी कुणाच्या खांद्यावरून कधी मिरवले नाही. कुणी माझ्यात रुमालसुद्धा ठेवला नाही. माझ्या आयुष्याची सहा वर्षं मी अर्धीच होते.

मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोराच्या उघड्या माळाला लागून असलेल्या एका वस्तीत युरिदियाने मला विणायला घेतलं. ती एकोणीस वर्षांची होती. द्राक्षांच्या शेडमध्ये घड निवडून पेट्या भरायची. कामावर जाताना बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी दारातल्या खुर्चीवर, जेव्हा सापडेल तेव्हा ती मला हातात घ्यायची. आधी पिवळ्या दोऱ्याची साखळी घालून तिने माझा मधला गोल केला. मग त्याच्याभोवती जांभळ्या पाकळ्या. सहा पुढच्या बाजूला झाल्या, मागेही सहाच व्हायच्या होत्या. तिचे टाके इतके घट्ट असत की सुई आत शिरताना अडायची.

तिची आई ओब्दुलिया हातावर रोट्या थापता थापता तिला चिडवायची. "अगं, पाणी भरायचंय का त्यात? किती घट्ट ते!"

"लिपस्टिक ठेवायचीय आणि माझं नशीब ठेवायचंय. दोन्ही गळायला नको, आई."

धाकटी नेरेइदा तेव्हा अकरा वर्षांची होती. ती म्हणायची, "मला पण अशीच एक."

"तू आधी नाक पुसायला शीक."

आणि तिघी हसायच्या. त्या घरात मी ऐकलेलं खरं हसू तेवढंच.

एका मंगळवारी दुपारी माझ्या मागच्या बाजूची चौथी पाकळी निम्मी झाली आणि दोरा संपला. युरिदियाने सुई शेवटच्या टाक्यातच अडकवली आणि मला खुर्चीवर ठेवलं. "सुई काढू नका गं कुणी, सगळं उसवेल. मी दोरा घेऊन आलेच," असं म्हणून ती चपला घालून निघाली. दुकान बसच्या दोन थांब्यांवर होतं.

ती परत आली नाही.

मित्रांनो, ती माझ्यासाठी गेली होती. आणखी दोन वीत दोरा उरला असता, तर त्या दिवशी ती घराबाहेर पडलीच नसती. हे ओझं मी आजही उतरवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ओब्दुलिया मुलीचा फोटो आणि मला घेऊन चौकीत गेली. तिथल्या अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"रुसून गेली असेल. कुणी मित्र होता का तिचा? येईल आठ दिवसांत."

"साहेब, ती दोरा आणायला गेलीय. पळून जाणारी पोरगी दोरा कशाला आणायला जाईल?"

त्याने कागदावर लिहिलं, 'स्वतःच्या मर्जीने गेली.' ओब्दुलियाला ते वाचता आलं नाही. घरी आल्यावर नेरेइदाने वाचून दाखवलं.

मग दर शनिवारी सकाळी ओब्दुलिया माळावर जायला लागली. तिच्यासारख्याच आणखी दहा-बारा बाया असत. प्रत्येकीचं कुणी ना कुणी हरवलेलं. त्या फावडी आणि लोखंडी सळया घेऊन फिरत. जिथे माती सैल, कुणाला पुरल्यासारखी दिसेल तिथे सळई खुपसत, बाहेर काढत आणि तिचं टोक हुंगत. त्या काय हुंगत होत्या ते मला सांगवत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. मी ओब्दुलियाच्या पिशवीत असे. वाटेत कुणी भेटलं की ती मला बाहेर काढे. "ही विणत होती माझी मुलगी. अशी जांभळी." दाखवून दाखवून मी उन्हात विटले. आता मला जांभळी म्हणणं कठीण आहे.

त्या बायांत चोना नावाची एक जाडजूड बाई होती. ती आपल्या मुलाला, रामिरोला शोधत होती. "ओब्दुलिया, आपण दोघींनी एवढी जमीन खणली, त्यात भुईमूग लावला असता तर मालकिणी झालो असतो!" असं ती म्हणायची आणि ओब्दुलियाला जबरदस्तीने भाकरीचा तुकडा खायला लावायची.

चार वर्षं अशी गेली. एकदा नेरेइदाने जांभळ्या दोऱ्याचा गुंडा आणला आणि मला मांडीवर घेतलं. विणायचं ती शेजारणीकडून शिकली होती. ओब्दुलियाने मला हिसकावून घेतलं.

"हात लावशील तर बघ! उद्या ती आली आणि म्हणाली, माझं काम कुणी बिघडवलं, तर काय सांगू मी?"

"आई, मी पण आहे गं या घरात. सगळ्या मुलींचा पंधरावा वाढदिवस थाटात होतो. माझा कधी झाला, ते तरी आठवतंय का तुला?"

ओब्दुलियाने मला परत पिशवीत घातलं. नेरेइदाने गुंडा ट्रंकेच्या तळाशी टाकला. त्या दिवशी दोघी एकमेकींकडे पाठ करून जेवल्या.

सहाव्या वर्षी चोनाचा रामिरो सापडला. हाडं तपासायला गेली, तीन महिन्यांनी कागद आला आणि एका लहानशा पेटीत तो घरी आला. मातीला साऱ्या बाया गेल्या. चोना ओब्दुलियाच्या गळ्यात पडून रडली. "माझा सापडला गं, माझा सापडला."

"भाग्याची आहेस, चोना," ओब्दुलिया म्हणाली.

मी पिशवीतून ते ऐकलं. ती मनापासून बोलत होती.

घरी आल्यावर तिने मला टेबलावर ठेवलं. "नेरेइदा, तो दोरा काढ. पूर्ण कर हिला."

"आई? नक्की?"

"यायची असती तर आली असती."

नेरेइदाने सुई हातात घेतली. सहा वर्षं सुईभोवती बसून तो टाका ताणला गेला होता. नवा दोरा गडद, मी फिकट. तिचे टाके सैल, ताईचे घट्ट. कुणालाही दिसेल की एक हात कुठे थांबला आणि दुसरा कुठे सुरू झाला. चौथ्या पाकळीत विणीबरोबर गुंफला गेलेला एक लांब केस तिला दिसला. टोकाकडे लाल रंगवलेला, ताई रंगवायची तसा.  तिने तो ओढला नाही, टाक्याखाली हळूच सारून ठेवला. आईला सांगितलं नाही.

चार दिवसांत मी झाले. शेवटची गाठ मारून नेरेइदाने कात्रीने दोरा कापला. त्या आवाजासरशी ओब्दुलिया उठून बाहेर गेली. पुढच्या शनिवारी बाया बोलवायला आल्या. "गुडघे चालत नाहीत," असं तिने आतूनच सांगितलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी खिळ्याला टांगलेली आहे. सहावी पाकळी थोडी वाकडी झाली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं तरी अर्धं राहिलेलं काम असेल. सुई अडकलेली वीण असेल, एकाच बाहीचा स्वेटर असेल. अडगळ म्हणून ते टाकू नका. आणि चांगलं दिसावं म्हणून घाईने पूर्णही करू नका. ते अर्धं आहे तोवर त्या घरात कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत असतं.

आमच्या घरात आता कुणी वाट पाहत नाही. मी पूर्ण झाले आहे.