शेवटच्या स्टॉपवरचं कुलूप

"काकू, अजून चार खुर्च्या लागतील हं!"

टाय लावलेला मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता बोलला. खाकी कपड्यांतली बाई दारात दिसली, म्हणजे ती खुर्च्या लावायलाच आली असणार! कंडक्टरणीनं भिंतीशी रचलेल्या चार खुर्च्या उचलल्या, पहिल्या रांगेत दणादण मांडल्या आणि त्यातल्याच एकीवर ऐसपैस बसली.

"काकू, इथे सभासद बसतात."

"म्हणून तर बसले. सभासद व्हायलाच आलेय. आणि काकू कोणाला म्हणतोस रे? एकोणतीस वर्षांची आहे मी."

टायवाल्याचे कान लालबुंद झाले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

खरं तर हा उद्योग तिच्या धाकट्या बहिणीचा. जगभर शाखा असलेलं तरुणांचं मंडळ, पुढारपण शिकायचं, लोकांची कामं करायची, वय अठरा पूर्ण पण तिशीच्या आत, हे धाकटीनं शाळेच्या फलकावर वाचलं आणि घरी येऊन धिंगाणा घातला. "ताई, मला अजून दोन वर्षं घेणार नाहीत, आणि तुला दोन महिन्यांनी घेणार नाहीत. जा ना गं!"

"दिवसभर उभी राहून पाय सुजतात हिचे," आई म्हणाली, "आणि सुट्टीच्या दिवशी समाजसेवा? पोरांत पोर व्हायचं वय आहे का हे?"

"ते वय होतं तेव्हा बाबा गेले आणि मी गाडीवर चढले, आई. दोन महिने उरलेत. तेवढे तरी वापरू दे."

आईनं तिच्या पायांसाठी तेलाची वाटी पुढे सरकवली. हरली नव्हती हं, नुसती वाटी सरकवली.

सभा सुरू झाली. अध्यक्षीण दातांची डॉक्टरकी शिकत होती, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडाकडेच बघून बोलायची. तिनं मंडळाचा नियम सांगितला. नव्या माणसानं आधी एक उपक्रम सुचवायचा, स्वतः पुढे होऊन पार पाडायचा, मगच शपथ आणि कोटाला बिल्ला.

टायवाल्याच्या मनात बस डेपोची भिंत रंगवायची होती. जगाचा गोल, त्याभोवती हातात हात. परदेशी शाखांना फोटो पाठवता येईल, बक्षीससुद्धा मिळेल.

"ती भिंत माझ्या शेवटच्या स्टॉपची," कंडक्टरीण उठली. "तिच्या मागे बायकांचं स्वच्छतागृह आहे. बांधलं तेव्हापासून कुलूप. आत जुने टायर ठेवलेत. आम्ही बायका ड्युटीवर पाणीच पीत नाही. एकीला मूतखडा झालाय. भिंत नंतर रंगवा. आधी ते दार उघडू."

सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"विषय महत्त्वाचा आहे," टायवाला घसा खाकरत म्हणाला, "पण संडासाचा फोटो कसा पाठवणार?"

"दार उघडं असल्याचा पाठव."

अध्यक्षीण हसू दाबत, टायवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "छान आहे. पण अधिकाऱ्यांशी बोलायला याला पुढे करू या. त्याला बोलायची सवय आहे."

"मी रोज भरलेल्या गाडीला 'पुढे सरका' म्हणते, आणि गाडी सरकते! नियम सगळ्यांना एक ना? मग मीच बोलणार."

नियम सगळ्यांना एकच होता. अध्यक्षीणबाईंचा नाइलाज झाला.

पुढच्या रविवारी सगळी फौज झाडू, फिनेल, बादल्या घेऊन डेपोवर हजर! धाकटीसुद्धा आली, बघायला म्हणून, आणि सर्वांत मोठी बादली तिच्याच हातात. कंट्रोलर साहेब केबिनमधून बाहेर आले. ड्युट्या लावणारे तेच, त्यामुळे त्यांच्यापुढे भलेभले मवाळ.

"किल्ली हरवलीये," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "तू आमचीच बाई ना? उद्यापासून कुठली गाडी हवी, त्याचा जरा विचार कर."

तिची सध्याची ड्युटी सोयीची, संध्याकाळी घरी पोचवणारी. ती मिळायला तिनं वर्षानुवर्षं कळ काढली होती. धाकटी तिच्याकडे टक लावून बघत होती. मंडळही बघत होतं. माघार घ्यायची तर हीच वेळ होती.

"केला विचार," ती म्हणाली. "किल्ली सापडेपर्यंत आम्ही तुमचं वापरतो."

आणि केबिनच्या आतल्या, साहेबांच्या खास स्वच्छतागृहापुढे जाऊन ती उभी राहिली. तिच्यामागे ड्युटीवरच्या दोघी कंडक्टरणी. मग अध्यक्षीण. मग मंडळातल्या सगळ्या मुली. रांग टेबलाला वळसा घालून, फाइलींच्या कपाटाला घासून थेट बाहेर फलाटावर गेली. उतारू बायकांना कसली रांग ते कळलं, तशा त्याही लागल्या!

"अहो, हे ऑफिस आहे!" साहेब ओरडले.

"साहेब, जरा सरकून घ्या," कंडक्टरणीनं गाडीतला आवाज काढला, "मागे पुष्कळ जागा आहे."

फलाटावर हशा पिकला. टायवाल्यानं टाय काढून खिशात कोंबला आणि तो रांगेतल्या आजीबाईंसाठी खुर्ची आणायला पळाला.

साहेबांच्या स्वच्छतागृहात तिसरी बाई गेली, आतून कडी वाजली आणि हरवलेली किल्ली साहेबांच्याच खणात सापडली.

टायर बाहेर निघाले. धूळ, जाळी, मेलेली झुरळं, सगळं निघालं. नळ खोकला, तांबडं ओकला आणि एकदाचा स्वच्छ वाहू लागला. आधी कोण जाणार यावर कुणी चर्चाच केली नाही. कंडक्टरीण आत गेली आणि तिनं कडी लावली.

बाहेरून साहेबांचा आवाज आला. "उद्यापासून पहाटेची पहिली गाडी! लांबचा रूट!"

"लिहा, साहेब!"

मग अध्यक्षीण दाराशी आली. तिच्या हातात बिल्ला होता. "अगं, बाहेर ये ना! सगळे थांबलेत, शपथ घ्यायचीये."

आत पाणी वाहत होतं. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक चौकोन तिच्या खाकी बाहीवर पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा, ड्युटीच्या जागी, कुणीही तिला पुढे ढकलत नव्हतं.

"थांबा जरा," ती आतून सावकाश म्हणाली. "येते मी."