चेहऱ्याचा शॉट

सातव्या टेकलाही त्याने मान वळवली. संवाद तोंडपाठ होता, आवाज खणखणीत होता, आणि 'साहेब, गाडी तयार आहे' एवढंच तर म्हणायचं होतं. पण कॅमेरा सरकत समोर आला की त्याची हनुवटी आपोआप खांद्याकडे जायची आणि शॉटमध्ये नुसता कान उरायचा.

दिग्दर्शक आधी हसले, मग वैतागले. "अहो, आज तुम्हाला तोंड दाखवायलाच बोलावलंय," ते म्हणाले.

आम्ही त्याला डुप्लिकेट म्हणतो. आमच्या हिरोच्या हेरपटांत बावीस वर्षं सगळं पडणं-आपटणं यानेच केलं. हिरोने गॉगल सावरायचा आणि याने गच्चीवरून उडी मारायची, अशी वाटणी. मी ड्रेसवाला. प्रत्येक कोट दोनदा शिवायचा. हिरोचा मापात आणि याचा जरा ढगळ, आत गाद्या मावाव्यात म्हणून. सुरुवातीला एकदा जळत्या मोटारीतून बाहेर पडताना याने चुकून कॅमेऱ्याकडे पाहिलं. चेहरा दिसला, शॉट बाद झाला, आणि पुन्हा एकदा त्या आगीत शिरावं लागलं. त्यानंतर ती चूक त्याने कधी केली नाही.

गेल्या वर्षी मानेचा मणका सरकला. आणखी एकदा पडलात तर उठणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. वहिनींनी मला फोन करून बजावलं, "भावोजी, काहीही करा, पण त्यांना उडी मारू देऊ नका." मी शब्द दिला. शब्द द्यायला माझं काय जात होतं? मग हिरोनेच शब्द टाकून त्याला हेराच्या ड्रायव्हरची भूमिका मिळवून दिली. बसून करायचं काम, पुढच्या सिनेमांतही चालू राहणारं. सिनेमाखेरीज दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि घरात मिळवणारा तो एकटाच.

नवव्या टेकला मी कॅमेऱ्याला खेटून उभा राहिलो. फक्त माझ्याकडे बघ, म्हटलं. तो बघत राहिला, लहान मूल इंजेक्शनच्या आधी आईकडे बघतं तसा. ॲक्शन म्हणताच मान वळली. वळताना कळ येत होती, डोळ्यांत पाणी यायचं, तरी वळायचीच. मला त्याचा राग आला.

"मी वळवत नाही रे," तो हळूच म्हणाला. "ती वळते."

बाराव्या टेकनंतर दिग्दर्शकांनी कंपनीच्या खऱ्या ड्रायव्हरला बोलावलं. तो बिचारा जेवत होता. हात पुसत आला, वाक्य म्हणाला, पहिल्याच फटक्यात ओके. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डुप्लिकेटनेही वाजवल्या.

मग तो फाइट मास्तरांकडे गेला. दुपारी हिरोला दुसऱ्या मजल्यावरून काच फोडून खाली पडायचं होतं, आणि त्यासाठी आणलेला पोरगा काचेकडे बघून कचरत होता. मास्तरांनी मानेचं विचारलं. एकदम ठणठणीत आहे, असं त्याने हसत सांगितलं. मास्तरांनाही घाई होती. त्यांना ते खरं वाटायला वेळ लागला नाही.

तो माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"ढगळा कोट काढ," तो म्हणाला.

"वहिनींना काय सांगू?"

"संध्याकाळी मीच सांगेन."

"आणि नाही सांगता आलं तर?"

 तो पाठ करून उभा राहिला आणि हात मागे केले. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून ती बाही मी आधी चढवली. मग समोर आलो. नाही म्हणायचं होतं मला, मास्तरांकडे धावत जायचं होतं, वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण हात बावीस वर्षांच्या सवयीने चालत राहिले. कॉलर बसवली, खांद्यावरचा धागा काढला, आणि शेवटचं बटणही लागलं.