डोळ्यांनी बोलायची सोय

आमच्या ह्यांचा आवाज कोर्टात अडकला होता आणि तिथल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. ते भांडत होते कोपऱ्यांवरून. फोनचे कोपरे हो! दोन बलाढ्य कंपन्या, एकीच्या फोनच्या पाठीवर वर्तुळ, दुसरीच्या त्रिकोण. त्रिकोणवाले म्हणत, गोल कोपरे हा आमचा शोध, वर्तुळवाल्यांनी तो चोरला. माझ्याकडे रोज चार बायका नखांचे कोपरे गोल करून घेतात, मी अजून कुणावर दावा लावलेला नाही.

माझं पार्लर आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. दोन खुर्च्या, दोन आरसे, आणि आतल्या खोलीचं दार कायम उघडं, कारण आत हे असतात. ह्यांचा धंदा लिलाव पुकारण्याचा. जप्तीचं सामान, बुडालेल्या दुकानांची कपाटं, मोडीतली यंत्रं, काहीही द्या, हा माणूस गुदामभर लोकांना माइकशिवाय ऐकू जाईल असा बोलायचा आणि समोरच्याला नको असलेली वस्तू हसवत हसवत गळ्यात मारायचा. घरीही तोंडाला विश्रांती नाही. मी वैतागून म्हणायचे, देवा, ह्यांना जरा गप्प बसव. देव कधी नव्हे ते ऐकतो आणि तेही नको तेव्हा.

आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचा आजार आहे, बुद्धीला धक्का नाही. डोळे मात्र राहिले. आणि वर्तुळवाल्यांच्या फोनात एक सोय होती: पडद्यावरच्या अक्षराकडे नजर रोखून धरली की ते अक्षर उमटायचं, आणि वाक्य पुरं झालं की फोन ते मोठ्याने बोलून दाखवायचा. जाहिरातीत एक बाई ओल्या हातांनी उभी राहून नुसत्या डोळ्यांनी फोन चालवते असं दाखवलं होतं. सगळं जग हसलं होतं, आळशांचा फोन म्हणून. आमचे हे त्याच फोनवर पुन्हा बोलायला लागले.

आणि बोलले तरी काय! पहिलं वाक्य जुळवायला अर्धी सकाळ घालवली, आणि ते होतं, "तुझे केस कोण कापतं? त्याच्यावर दावा लाव." मी रडत रडत हसले. पुढे सराव झाला. मी बाहेर कुणाचे केस धुवत असले की आतून तो बातम्या देणाऱ्यासारखा आवाज यायचा, "बोली सुरू. एक नग बायको, वापरलेली, राग मूळ स्थितीत." गिऱ्हाईक बायका खो खो हसायच्या. काही तर केस वाढलेले नसतानाही यायच्या, ह्यांच्याशी चार शब्द बोलायला.

निकाल पेपरात आला त्या दिवशी माझे धाकटे दीर मिठाईचा पुडा घेऊन नाचतच आले. भाऊजी म्हणजे कट्टर त्रिकोणवाले. नवा फोन निघाला की दुकानासमोर पहाटेपासून रांगेत. "तोंड गोड करा वहिनी! जिंकलो!"

"तुम्ही काय जिंकलात? वकील होतात की जामीन?"

"अहो, चोरांना धडा मिळाला! दादा, ऐकलंस का?"

आतून आवाज आला, "अभिनंदन. कंपनीत तुझा हिस्सा किती?" भाऊजी हसले. मग पेपर उघडून मोठ्याने वाचायला लागले. वर्तुळवाल्यांनी दंड भरायचा, आणि नकलेच्या म्हणून ठरलेल्या काही सोयी आजवर विकलेल्या सगळ्या फोनांमधून काढायच्या. शेवटी बारीक अक्षरांत त्या सोयींची नावं होती. नजरेने अक्षर निवडणं. वाचता वाचता भाऊजींचा आवाज बसला. पुडा हातातच राहिला.

मी कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ही सोय फारच कमी ग्राहक वापरतात, मॅडम."

"मग त्या कमी ग्राहकांनी काय करायचं?"

"तुमची भावना नोंदवली आहे, मॅडम."

भावना नोंदवली म्हणे! भाऊजी दुसरीकडे त्रिकोणवाल्यांकडे गेले, त्यांना वाटलं, जिंकलेत तर ही सोय त्या कंपनीच्या फोनात असणारच. नव्हती. कधी नव्हतीच. त्यांनी कल्पनेचा हक्क तेवढा नोंदवून ठेवला होता. आपण खायचं नाही आणि दुसऱ्यालाही खाऊ द्यायचं नाही, दुसरं काय! डोळ्यांनी चालणारं मोठं यंत्र मिळतं, पण त्याच्या किमतीत माझं पार्लर खुर्च्या-आरशांसकट गेलं असतं, तरी पुरलं नसतं.

कोपऱ्यावरच्या फोन दुरुस्तीवाल्याने एक तोड सांगितली. "काकू, सोय काढून टाकायचा हुकूम इंटरनेटवरून येतो. ह्याला इंटरनेट दाखवूच नका. कार्ड काढा, घरातलं वायफाय बंद करा. बोलायला त्याला इंटरनेट लागत नाही." तसं केलं. फोन बोलत राहिला. मात्र त्याची बॅटरी फुगायला लागली होती, आणि दुरुस्तीवाला म्हणाला, बॅटरी बदलून देईन, पण हा फोन म्हातारा झालाय, एक दिवस जाणार. नव्या फोनात तर सोय येणारच नव्हती. म्हणजे आम्ही दिवस ढकलत होतो.

भाऊजींना स्वतःची लाज वाटत होती. त्यांनी स्वतःच्या फोनवर ह्यांची फिल्म काढली. हे नजरेने एकेक अक्षर जुळवताहेत, आणि मग फोन बोलतो: "कोपरे कुणाचेही असोत. हा आवाज माझा आहे. तो कुठल्या कलमात बसतो, सांगा." भाऊजींनी ती इंटरनेटवर लोकांसमोर टाकली, आणि धुरळा उडाला. लाखोंनी पाहिली. वर्तुळाचे भक्त म्हणाले, बघा त्रिकोणवाल्यांचं पाप. त्रिकोणाचे भक्त म्हणाले, हा पैसे देऊन झोपवलेला नट आहे. मी ते वाचून तणतणत होते आणि हे खूश! "नट म्हणाले? एवढ्या वर्षांत कुणीतरी ओळखलं." पुन्हा गर्दी मिळाली होती ना त्यांना. डोळ्यांत तेज आलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि गर्दीपुढे कंपनी झुकली. वर्तुळवाल्यांनी जाहीर केलं की माणुसकीच्या नात्याने ह्या गृहस्थांना कायमची सवलत देऊ, त्यांच्या नव्या फोनातही सोय चालू ठेवू. फक्त जुना फोन एकदा इंटरनेटला जोडा, म्हणजे त्याची ओळख पटवून सवलत नोंदवता येईल.

मी म्हटलं, "आधी लेखी घ्या. काही जोडायचं नाही." भाऊजींनी कंपनीच्या माणसाला फोन लावून तो माझ्या कानाला धरला. तो म्हणाला, "ताई, वरूनच आदेश आहेत. निश्चिंत राहा."

"निश्चिंत राहा म्हणणाऱ्याला मी जन्मभर भीत आले आहे," मी ह्यांना म्हटलं. "राहू द्या ना. आहे तोवर बोलू आपण."

बराच वेळ त्यांची नजर पडद्यावर फिरत राहिली. मग फोन म्हणाला, "हा फोन मरेपर्यंत? गिऱ्हाईक दारात आलंय. आता लाजायचं?"

"आणि बोली लागली नाही तर?"

"भित्री आहेस. म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं. कुणीतरी घाबरायला हवं घरात."

आता अशा माणसाला काय म्हणणार? मी हो म्हटलं.

रविवारी जमली सगळी. बँकेत काम करणारी माझी जुनी गिऱ्हाईक आली, समोरच्या घरातल्या सासू-सुना आल्या, दुरुस्तीवाला आला. पार्लरमधल्या खुर्च्या आत नेल्या. जणू घरात बारसं असावं. मी ह्यांची दाढी केली, केस नीट कापले. भाऊजी फोन हातात घेणार, तेवढ्यात ह्यांनी डोळ्यांनीच थांब म्हटलं आणि लिहायला लागले. फोन म्हणाला, "सगळ्यांचे आभार. बायकोचे वेगळे मानायचे आहेत, ते लांबलचक आहे. बाकीचं नंतर बोलतो."

भाऊजींनी वायफाय चालू केलं. पडद्यावर एक पट्टी आली, सरकत सरकत भरली, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. टाळ्या वाजल्या. नजर रोखायची ती अक्षरांची पाटी पडद्यावर नव्हती. दुरुस्तीवाल्याने फोन घेतला, दाबला, बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. मग त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

हे पडद्याकडे पाहत होते. जिथे पहिलं अक्षर असायचं तिथे नजर रोखून, किती तरी वेळ.

कंपनी म्हणाली, सवलत नोंदवली आहे, पण ती लागू व्हायला त्रिकोणवाल्यांची संमती हवी, तसा कोर्टाचा हुकूम आहे. सोय काढणारी सुधारणा सवलतीआधीच फोनात पोचली हे दुर्दैव. त्रिकोणवाले म्हणाले, आमची तत्त्वतः हरकत नाही, पण अर्ज फोन बनवणाऱ्याने करायचा असतो. वर्तुळवाले म्हणाले, आम्ही अर्ज केला तर चोरी कबूल केल्यासारखं होईल. ह्याची टोपी त्याला आणि त्याची ह्याला. मी दोघांनाही तोंडाला येईल ते बोलले. दोघांनीही माझी भावना नोंदवली.

लोकांत मात्र आनंदीआनंद होता. "अखेर माणुसकी जिंकली," असं लिहून ह्यांची फिल्म अजून फिरतेय. भाऊजींनी कळवलं की बाबांनो, काही मिळालेलं नाही, होतं तेही गेलं. त्यावर कुणीतरी लिहिलं, "आता किती ताणणार?" मग नव्या फोनच्या कॅमेऱ्यावरून नवा दावा लागला आणि सगळे तिकडे पळाले. भाऊजींनी त्यांचा त्रिकोणाचा फोन कपाटात टाकलाय, साधा बटणांचा वापरतात. त्याने कुणाचं काय भलं झालं म्हणा.

आता आमच्याकडे पुठ्ठा आहे. त्यावर मी अक्षरं लिहिली आहेत. मी एकेक ओळ बोलत जायचं, हव्या अक्षराला ते एकदा डोळे मिटतात. नको असेल तर दोनदा. अक्षर झालं की काना का, मात्रा का, वेलांटी का, पहिली की दुसरी, हे सगळं मीच विचारायचं. "पाणी" म्हणेपर्यंत घसा माझा कोरडा पडतो. कूस बदल, पाणी, उकडतंय, एवढं होतं. पण मला चिडवायचं तर तेही माझ्याच तोंडून, मीच अक्षर अक्षर करून, आणि अर्ध्यातच मी ओळखलं की मजा गेली. सुरुवातीला प्रयत्न केले त्यांनी. मी पहिलं अक्षर ऐकून घाईने शब्द पुरा करायचे आणि चुकायचे. ते दोनदा डोळे मिटायचे. नाही, नाही, नाही. पुढे पुढे नाही म्हणणं कमी झालं.

बायका अजून येतात. आतून काही येत नाही हे त्यांना कळलंय, म्हणून हळू बोलतात. मी म्हणते, मोठ्याने बोला गं, झोपलेले नाहीत ते.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पुठ्ठा घेऊन मी जवळ बसले. म्हटलं, "अहो, ते लांबलचक राहिलंय तुमचं. आभाराचं. रोज एक शब्द घेऊ, मला कसली घाई नाही." पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. शेवटच्या ओळीला डोळे मिटले. "ह का?" मिटले. "हवा? पंखा लावू?" एकदा मिटले. हो. पंखा चालूच होता, समोर गरगरत होता. मी पाहिलं त्यांच्याकडे. जन्मभर हा माणूस कमी बोलीला माल सोडत नसे, एका शब्दावरून माझ्याशी रात्र रात्र वाद घालायचा. मला भीती वाटली. मुद्दामच विचारलं, "हत्ती? हत्ती हवाय का तुम्हाला, अहो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदा डोळे मिटले.