काम बंद पाडणारी घंटा

मी घंटा बोलतेय. हसू नका. माझ्या नावाचा हल्ली लोक कोणकोणत्या अर्थाने उद्धार करतात ते मला ठाऊक आहे. औषधं खोक्यांत भरण्याच्या एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्याशेजारच्या खांबाला मी टांगलेली आहे. शाळेतली घंटा सुट्टी देते, दारावरची पाहुण्याची वर्दी देते. मी काम बंद पाडते. माझा जन्मच त्यासाठी झाला आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

साच्यातून काढलं तेव्हा माझ्या काठाला एक बारीक खड्डा राहिला होता. ओताऱ्याची बायको म्हणाली, "घासून घ्या की, आवाज चिरका येतोय." ओतारी म्हणाला, "येऊ दे. गोड आवाजाला माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो." मला विकत घ्यायला आलेल्या तात्यांना हे ऐकू गेलं आणि त्यांनी दुसरी घंटा पाहिलीच नाही.

तात्या इथले फोरमन. त्यांनी मला टांगलं आणि नियम घालून दिला. पट्ट्यावर कुणालाही काही चुकीचं दिसलं, तर त्याने माझी दोरी ओढायची. माझा आवाज आला की टोकाला बसलेला माणूस कळ दाबून पट्टा बंद करणार. मग जो कोणी धावत येईल, त्याने आधी "बरं केलंस" म्हणायचं आणि मगच "काय झालं" विचारायचं. क्रम चुकला की तात्या त्याला दारापर्यंत परत पाठवायचे आणि पुन्हा यायला लावायचे. एका मोठ्या इंजिनिअरला त्यांनी असं दोनदा पाठवलं होतं.

दिवसातून चार-पाच वेळा तरी मी वाजायचे. त्यातल्या निम्म्या वेळा काहीच निघायचं नाही. एकदा तर एका बाईची बाही दोरीत अडकली आणि मी वाजले. तात्या धापा टाकत आले, म्हणाले, "बरं केलंस. काय झालं?"

"बाही अडकली, तात्या."

"मग सोडव ती," म्हणाले आणि गेले. रागावले नाहीत. त्यांच्या काळात इथून चुकीचं खोकं बाहेर गेल्याचं मला आठवत नाही.

तात्या निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं रेषेत लागायचं. टेबलावरची पाण्याची बाटलीसुद्धा. त्यांनी माझ्यासमोरच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला. प्रत्येक गटाला एक रकाना आणि मी वाजले की त्या गटाच्या रकान्यात एक लाल ठिपका. तीन महिने ज्यांचा रकाना कोरा राहील, त्या गटातले हंगामी लोक कायम होणार. साहेबांना वाटलं, ठिपके कमी झाले म्हणजे चुका कमी झाल्या. कपाळ माझं!

दुसऱ्या गटाची प्रमुख होती आक्का. तिची धाकटी सून चार वर्षं त्याच गटात हंगामी म्हणून राबत होती. दर सहा महिन्यांनी नेमणुकीचा कागद संपायचा आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा. तेव्हा आक्काला त्या तक्त्याची आशा लागली, यात नवल नाही. हे मला कळत होतं. राग यायचा थोडाच राहतो?

हळूहळू हात माझ्या दोरीपर्यंत येऊन थांबू लागले. लोक आधी तक्त्याकडे बघायचे, मग हात खाली घ्यायचे. वाकडी खोकी गुपचूप टेबलाखाली सरकू लागली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्का स्टुलावर चढली आणि माझ्या लोलकाला जाड फडकं गुंडाळून तिने गाठ मारली. "चुकून धक्का लागायला नको," ती बायकांना म्हणाली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अकरा वर्षांत मला सगळ्यात जास्त तिनेच वाजवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

दोन महिने रकाना कोरा राहिला. साहेबांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मी तोंडात फडकं घेऊन ऐकत होते. त्या टाळ्यांइतका अपमान माझा कधी झाला नाही.

तीन महिने भरायला चार दिवस राहिले होते. सकाळी लहान मुलांच्या तापाच्या औषधाची खोकी चालली होती. सून त्यात घडीची माहितीपत्रकं घालत होती. एक घडी उलगडली आणि ती तिथेच थांबली.

"आई, हे मोठ्यांचं आहे. दोन चमचे लिहिलंय. मुलांना अर्धा असतो."

आक्काने पत्रक दोनदा वाचलं. "किती गेली?"

"सकाळपासूनची सगळी असतील. बाहेर गाडीत चढतायत."

"सुट्टीत साहेबांच्या कानावर घालू. हळूच."

"तोवर गाडी जाईल, आई."

"अगं, चार वर्षं काढलीस. चारच दिवस राहिलेत."

सुनेने दोरी ओढली. थप्प. एवढाच आवाज निघाला माझा. पट्टा चालतच राहिला. तिने पुन्हा ओढली. थप्प. मी जीव खाऊन लोलक काठाला आपटत होते आणि माझं मलाच ऐकू येत नव्हतं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. पण इथे झाकलेल्या कोंबड्यावर कुणाची तरी लेकरं अवलंबून होती.

तिसऱ्यांदा दोरी ओढली गेली तेव्हा आक्काने स्टूल ओढलं. गाठ तिचीच, घट्ट बसलेली. बोटांनी सुटेना, तेव्हा तिने दात लावले. फडकं खाली पडलं. ती उतरली नाही. वरच उभं राहून लोलक मुठीत धरला आणि मला बडवत सुटली. अशी मी कधीच वाजले नव्हते. पट्टा थांबला. बाहेर गाडीवाल्याने इंजिन बंद केलं.

साहेब धावत आले. "काय झालं? कोणी वाजवली?"

आक्का स्टुलावरूनच म्हणाली, "क्रम चुकला, साहेब. दारापर्यंत जा आणि परत या."

सगळे हात जागच्या जागी थांबले. तात्यांची पद्धत साहेबांनी नुसती ऐकली होती, हसण्यावारी नेली होती. त्यांनी सुनेने पुढे धरलेलं पत्रक पाहिलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते वळले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"बरं केलंत," ते म्हणाले. "दोघींनीही."

गाडी रिकामी झाली. एकही खोकं बाहेर गेलं नाही. तक्ता साहेबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः उतरवला. पण सून अजून हंगामीच आहे. रकान्यात ठिपका पडला होता, नियम म्हणजे नियम, असं वरून उत्तर आलं. साहेबांनी तीन पत्रं पाठवली, चौथं टेबलावर आहे. रोज सकाळी कामाला लागण्याआधी सून माझ्या लोलकाला हात लावून बघते, कुणी काही बांधलं तर नाही ना.

आता वरच्यांच्या मनात माझ्या जागी एक दिवा लावायचा आहे. आवाज न करता लुकलुकणारा. खुशाल लावा. पण मला काढायला जो येईल, त्याला मला हलवावंच लागेल, आणि मी वाजल्याशिवाय हलत नाही. मी वाजले की पट्टा थांबणार, सगळे धावत येणार आणि आधी "बरं केलंस" म्हणणार. मग कुणीतरी विचारील, काय झालं? तेव्हा आक्का स्टुलावर चढून सांगेल, माझ्या सुनेला कायम करायचं राहून गेलंय.