सुई नावाची सवत

मी गरम पाण्याची पिशवी बोलतेय. हो, तीच, लाल रबराची, तोंडाला बूच असलेली. हसू नका, या घरात नवऱ्याआधी माझी चौकशी व्हायची.

माझी मालकीण लोकांचे केस कापते. दिवसभर खुर्चीभोवती उभी राहून तिची कंबर पार गेली होती. घरी आली की पर्स कोपऱ्यात आणि हाक, "अहो, माझी पिशवी भरा!" मग मी तिच्या कमरेला बिलगून झोपायचे आणि नवरा पलंगाच्या कडेला. बिचाऱ्याने कधी तक्रार केली नाही.

पुढे ती दुकान बंद करायच्या गोष्टी करू लागली, तेव्हा नवऱ्याने तिला दवाखान्यात नेलं. तिथे ती मेली सुई भेटली. मला गाडीत सीटवरच ठेवलं होतं. परतताना मालकीण सांगत होती, "पालथं झोपवलं. पडद्यावर माझी हाडं दिसत होती, आणि डॉक्टरांनी बघून बघून सुई थेट सांध्यात घातली. दुखणं कुठे होतं माहितीये? इथे, खाली! आपण उगाच वर शेकत बसलो."

उगाच! माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकी वर्षं मी चार बोटं चुकीच्या जागी तापत होते, आणि ही कालची पोर बरोबर मुक्कामी पोचली.

त्या संध्याकाळी मालकीण गुणगुणत होती. पण सुईतून औषधासोबत दिलेल्या भुलीचा अंमल उतरला आणि दुसऱ्या दिवशी कंबर पुन्हा ठणकली. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात नाचले. आता कुठे जाशील? नवऱ्याने मला उचललंही.

"अहो, गरम नको!" ती ओरडली. "दोन दिवस गारच शेकायचंय. औषध लागू पडायला वेळ लागतो म्हणाले."

मग त्याने माझ्या पोटात बर्फ कोंबला. माझ्या! टोचायचं सवतीने आणि फुंकर घालायची मी.

आठवड्याभरात औषधाने गुण दिला. परवा मी खिळ्यावरून खाली पडले. मालकीण आली, वाकली, मला उचललं आणि सरळ उभी राहिली. "आई गं" नाही, भिंतीचा आधार नाही. मला इतकं बरं वाटलं! लगेच आठवलं, हे काम सुईचं, माझं नव्हे.

हा गुण कायमचा टिकेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणालेत. मी ते ऐकून ठेवलंय.

तिची कंबर पुन्हा दुखू नये, असं मी रोज म्हणते. मनापासून म्हणणं अजून जमत नाही, तेवढं सांभाळून घ्या.